सातपुड्याचे सरकारी नाईक आणि १८५७चे बंड

१८५७च्या पावसाळ्यानंतर सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आणि खाली गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत भिल्लांची जी बंडे उभी राहिली, त्यांतले दोन ठळक म्होरके परके नव्हते. खाज्या नाईक सेंधवा घाटाचा सरकारी राखणदार होता, तर भागोजी नाईक अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार राहिलेला. कंपनी सरकारचा पगार, दरारा आणि कामाची पद्धत दोघांनी आतून पाहिली होती. खानदेशातल्या या उठावाचा विचार बहुधा जंगलातल्या टोळ्यांचे बंड म्हणून होतो. त्यातला सरकारी नोकरीचा धागा मात्र सहसा सुटून जातो.

हा धागा समजण्यासाठी आधी खानदेशाची अवस्था पाहावी लागते. आजचे नंदुरबार, शहादे, तळोदे, अक्कलकुवे, धडगाव आणि नवापूर हे तालुके तेव्हा अखंड खानदेशात मोडत. १८०२मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा या मुलखावरून गेल्या आणि पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ पडला. तापीकाठची गावे ओस पडली, शेतांत रान माजले. १८१८मध्ये इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा डोंगरात भिल्ल नाईकांची आणि गढ्यांत अरब शिबंदीची सत्ता होती. अरबांचा प्रश्न मालेगावच्या वेढ्यात त्याच वर्षी निकालात निघाला. भिल्लांचा निघाला नाही. खानदेशावर नेमलेल्या कॅप्टन ब्रिग्ज याने घाटांवर फौजा पाठवून पाहिल्या, काही नाईकांना तनखे देऊन पाहिले. पण सातपुड्याच्या खोऱ्यांत हिवतापाने शिपाईच अधिक आजारी पडत आणि पकडलेल्या एका नाईकाच्या जागी दुसरा उभा राही.

१८२५मध्ये मुंबईचा गव्हर्नर एलफिन्स्टन याच्या सरकारने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. नंदुरबार-सुलतानपूरकडच्या वायव्य भागाचे ठाणे कुकरमुंड्याला होते. हे तापीकाठचे गाव तळोद्यापासून जवळ असून आज गुजरातेत आहे. एजंटाने भिल्लांना जमीन, बैल आणि तगाई देऊन शेतीला लावायचे, नाईकांचे जुने हक्क तपासून मान्य करायचे आणि भांडणे तिथल्या तिथे मिटवायची, अशी योजना होती. तिचा दुसरा भाग लष्करी होता. लेफ्टनंट जेम्स औट्रॅम याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जवान मिळाले, कारण सरकार बोलावून घेऊन बेड्या घालील ही भीती खोलवर होती. औट्रॅम त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला आणि दहा वर्षांत पलटण नावारूपाला आली. आदल्या दिवशीच्या लुटारूला दुसऱ्या दिवशी बंदूक देणे हा जुगारच होता. तो पुष्कळ अंशी साधला, हे मान्य करावे लागते.

पलटणीबाहेर मात्र याच धोरणाचे एक सैलसर रूप होते. घाट ज्याच्या हाती, त्यालाच घाटाची राखण देऊन टाकायची. वाटसरूंकडून आणि गाड्यांकडून नाईक पूर्वी जे वसूल करीत, त्याऐवजी सरकार त्यांना ठराविक पगार देई आणि बदल्यात वाट सुरक्षित ठेवण्याची हमी घेई. चोरी झाली तर जाब नाईकाला. व्यवस्था स्वस्त होती, म्हणून सरकारला आवडली. तिच्यात नाईकाचा अधिकार सरकारी शिक्क्यातून आलेला नव्हता, आपल्या माणसांवरच्या वजनातून आलेला होता. पगार बंद झाला तरी ते वजन कायम राहणार होते.

मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर ओलांडून पळासनेरला डोंगराला लागतो आणि सेंधवा घाटातून माळव्यात जातो. शहाद्याकडून खेतिया, पानसेमल करीत येणारी वाटही सेंधव्यालाच मिळते. माळव्याची अफू, कापूस, सरकारी टपाल आणि इंदूरचा खजिना याच घाटाने मुंबईकडे उतरे. १८५४पासून तारही याच रस्त्याने गेली होती. खाज्याचा बाप गुमान नाईक या घाटाचा राखणदार होता आणि त्याच्यामागे हे काम खाज्याकडे आले. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कजरसिंग असे येते. कामात तो चोख गणला जाई. १८५१मध्ये त्याच्या मारहाणीत एक संशयित मेला. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण १८५६मध्ये तो सुटला. पुढच्याच वर्षी उत्तरेत बंडाळी पेटली, रस्त्याची काळजी वाढली आणि घाट सांभाळायला सरकारला दुसरा माणूस सापडेना. खाज्याला पुन्हा कामावर घेण्यात आले. काही आठवड्यांतच तो आपली माणसे घेऊन डोंगरात गेला.

भागोजी नाईकाची कहाणी याच साच्यातली आहे. दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांखाली १८५५मध्ये त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. पुढे तो नांदूर शिंगोट्याच्या डोंगराकडे निघून गेला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याच्यावर चालून गेलेला पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. या बातमीने नगर, नाशिक आणि खानदेशातल्या भिल्लांवर जो परिणाम झाला, तो कुठल्याही जाहीरनाम्याने झाला नसता.

खाज्याला बडवानीकडचा भीमा नाईक येऊन मिळाला. मक्रानी आणि अरब भाडोत्री शिपाईही आले. घाटाखालची गावे लुटली गेली. त्या नोव्हेंबरात इंदूरहून निघालेला सुमारे सात लाख रुपयांचा खजिना सेंधवा घाटात लुटला गेला. चौक्या कुठे, पहारे कधी बदलतात, वळणावर गाड्या कुठे अडकतात, हे वर्षानुवर्षे ज्याचे काम होते, त्याच्याच हाती आता हल्ल्याची आखणी होती.

सत्तेच्या नोकरांनी सत्तेवर उलटण्याचे जगातले प्रसिद्ध उदाहरण २० जुलै १९४४चे. कर्नल क्लाउस फॉन स्टाउफेनबर्ग आणि त्याच्या साथीदारांनी हिटलरला बॉम्बने मारून, अंतर्गत बंडाळी मोडण्यासाठी तयार असलेली ‘वाल्किरी’ ही राखीव सैन्याची योजनाच राजवट ताब्यात घेण्यासाठी वापरायचे ठरवले. राखणीचे हत्यार धन्यावर फिरवण्याची युक्ती दोन्हीकडे सारखी आहे. साम्य त्यापुढे ताणू नये. बर्लिनच्या अधिकाऱ्यांपुढे एक हुकूमशहा होता आणि पाडायचे ते एक सरकार होते. सातपुड्यात मारावा असा एकच धनी नव्हता. कंपनी म्हणजे कलेक्टर, एजंट, पोलीस अधीक्षक आणि पलटणी यांचे जाळे होते. खाज्याचे ध्येयही दिल्लीचे तख्त नव्हे, घाटावरची आपली जुनी हुकमत हे असावे, असे त्याच्या हालचालींवरून वाटते.

११ एप्रिल १८५८ रोजी मेजर इव्हान्सच्या फौजेने सातपुड्यातल्या अंबापाणी येथे बंडखोरांना गाठले. दगडांच्या आडोशाने भिल्ल आणि मक्रानी दिवसभर लढले. खाज्याचा मुलगा याच लढाईत पडला. पकडलेल्या पन्नासहून अधिक जणांवर जागच्या जागी लष्करी खटला उभा करून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. चारशेहून अधिक स्त्रियाही धरून नेल्या. बायका-मुले ताब्यात असली की पुरुष शरण येतील, हा हिशोब त्यामागे होता. खाज्या आणि भीमा तरीही हाती लागले नाहीत.

या सगळ्या काळात भिल्ल पलटण सरकारच्याच बाजूने राहिली. ती उभारणारा औट्रॅम तेव्हा लखनौच्या वेढ्यात गुंतला होता. पलटणीतला जवान धरणगावच्या लाइनीत घरदार थाटून होता, त्याला कवायत, बढती आणि पेन्शन होते. घाटाच्या नाईकाला यातले काहीच नव्हते. त्याच्याशी सरकारचे नाते ठेक्याचे होते, आणि ठेका मोडला की उरलेले सगळे त्याचेच होते. एकाच धोरणाच्या दोन फांद्यांना इतकी वेगळी फळे का आली, याचे उत्तर बहुतांशी इथे आहे.

बंडाचे म्होरके पुढे एकेक करून संपले. १८६०मध्ये खाज्याच्या पदरी असलेल्या एका मक्रानी जमादाराने त्याला दग्याने ठार केले. भागोजी त्याआधीच, नोव्हेंबर १८५९मध्ये, सिन्नर भागात पोलीस अधिकारी फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना पडला होता. भीमा नाईक १८६७मध्ये पकडला गेला आणि त्याची रवानगी अंदमानला झाली. या बंडांनंतर पोलिसांची नवी घडी बसवण्यात आली. भिल्ल पलटणही पुढे जिल्हा पोलिसांत मिसळून टाकण्यात आली.