अंतराळात गेलेले दोन बेडूक आणि आपली चक्कर

"डॉक्टर, कूस बदलली की खोली गरगर फिरते. बीपी वाढलंय का?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमीचा. बीपी बहुतेक वेळा ठीक असतं. बिघाड कानाच्या आत असतो. "पण ऐकू तर नीट येतं!" हे रुग्णाचं पुढचं वाक्य.

कानाचं हे दुसरं काम कळायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. १८२४ मध्ये फ्रान्सच्या फ्लुरांस यांनी कबुतरांच्या आंतरकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापल्या. ऐकणं शाबूत राहिलं, पण तोल गेला. १८६१ मध्ये पॅरिसच्या मेनिएर यांनी चक्कर कानातूनही येते हे मांडलं. १८७० मध्ये जर्मनीच्या गोल्ट्झ यांनी या नलिकांचा संबंध थेट तोलाशी जोडला.

तोलाचा हा भाग बेडकातही साधारण आपल्यासारखाच असतो. तीन नलिका डोकं कोणत्या दिशेला वळलं ते सांगतात. शेजारच्या पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. गुरुत्वाकर्षणाने ते सरकतात आणि त्यावरून वर-खाली कळतं. उडी मारताना बेडकाला हीच माहिती लागते.

पण गुरुत्वाकर्षणच जाणवेनासं झालं तर? १९६१ मध्ये अंतराळवीर गेरमान तितोव यांना यानात मळमळू लागलं, तेव्हा हा प्रश्न निकडीचा झाला. ९ नोव्हेंबर १९७० रोजी 'नासा'ने दोन बुलफ्रॉग अंतराळात पाठवले. इटलीचे ग्वाल्तिएरोत्ती यांचा हा प्रयोग. बेडकांच्या तोलाच्या मज्जातंतूत सूक्ष्म तारा बसवल्या होत्या; त्या निसटू नयेत म्हणून पायांच्या नसा कापलेल्या होत्या. सुरुवातीला मज्जातंतूचे संदेश विस्कटले. साधारण आठवडाभराच्या या प्रयोगाच्या शेवटी ते पूर्ववत झाले. बेडूक मात्र परत आले नाहीत.

त्यांनी दाखवलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: तोलाची यंत्रणा बदलाशी जुळवून घेऊ शकते. म्हणूनच चक्करेच्या गोळ्या मी शक्यतो थोडेच दिवस देतो. त्या महिनोन् महिने घेतल्या, अंथरुणातच पडून राहिलं, तर हे जुळवून घेणं लांबतं. कण जागचे हलले असतील तर डोकं ठरावीक पद्धतीने वळवण्याचा उपचार डॉक्टरांकडून करून घ्यावा.

मात्र चक्करेसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातापायातली ताकद गेली किंवा उभंच राहता येईना, तर कानाला दोष देत घरी थांबू नका. तो पक्षाघात असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.