सेलूची केबल आणि मागाहून द्यायचे पैसे

मोबाइलवरचे ओटीटी स्वस्त आणि सोयीचे, म्हणून केबल मागे पडली, हे आता सगळीकडे गृहीत धरले जाते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून पाहिले तर ते खरेही वाटते. परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी मात्र हाच इतिहास तारखांसकट मांडला की घटनांचा क्रम वेगळा निघतो. माझे म्हणणे असे की, या गावांत केबलची खरी सोय तिच्या दरपत्रकात कधीच नव्हती. पैसे मागाहून देता येत आणि चित्र गेले की गल्लीतल्याच माणसाला हाक मारता येई, ही ती सोय होती. २०१७ ते २०१९ या काळात सरकारी नियमांनी केबलचा हिशोब बदलला आणि ती सोय संपली. मोबाइल मोकळ्या होत गेलेल्या त्या जागेत शिरला. ओटीटीने केबल हरवली असे म्हणताना हा मधला टप्पा आपण गाळतो, आणि त्यामुळे खर्चाची तुलनाही चुकते.

सेलूला दूरचित्रवाणी उशिरा आणि अर्धवट पोचली. १९७५-७६ साली उपग्रहावरून थेट खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत झाला. त्यात गुलबर्गा, रायचूर, मेदक, महबूबनगर हे जिल्हे होते, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातले आपले शेजारी. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता, त्यामुळे मराठवाडाही नव्हता. पुढे दूरदर्शनचे प्रक्षेपक वाढले, पण भूगोल आड आला. म्हैसमाळच्या टेकडीवरचा उच्चशक्ती प्रक्षेपक सेलूपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर दूर. जिल्ह्याच्या गावी बसवत त्या लघुशक्ती प्रक्षेपकाची पोच वीस-पंचवीस किलोमीटर, आणि परभणी त्याहून लांब. ‘रामायण’ १९८७ च्या जानेवारीत सुरू झाले तेव्हा अशा मधल्या पट्ट्यातल्या घरांना उंच बांबूवर अँटेना चढवावा लागे, बूस्टर लावावा लागे, आणि तरीही पडद्यावर मुंग्या दिसत. अशा ठिकाणी केबल ही आधी स्वच्छ चित्राची गरज होती. जास्त वाहिन्यांची हौस नंतर आली.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी उपग्रह वाहिन्यांची चर्चा घरोघरी पोचली. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाली आणि गावोगावच्या गच्च्यांवर मोठ्या छत्र्या उभ्या राहिल्या. या धंद्याची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय त्याचा हिशोब कळत नाही. छत्रीवरून आलेली प्रत्येक वाहिनी वेगळ्या रिसीव्हरमधून आणि मॉड्युलेटरमधून जाई, मग सगळ्या एकत्र करून एका वायरवर सोडल्या जात. ती वायर गच्चीवरून गच्चीवर, खांबावरून खांबावर फिरे. वाटेत सिग्नल मंदावला की ॲम्प्लिफायर. सगळा खर्च आधीच झालेला असे. जुन्या सेलूसारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत आणखी एक घर जोडायला लागे काय, तर काही मीटर वायर आणि एक स्प्लिटर. त्या घराने तीन महिने पैसे दिले नाहीत तरी केबलवाल्याच्या खिशातून काही जात नसे, फक्त यायचे ते येत नसे. म्हणून तो थांबू शकत होता. कापूस दिवाळीच्या सुमारास घरात येतो, विकला जातो तेव्हा पैसा दिसतो. जिनिंगवरचा मजूर, अडतीवरचा हमाल, शेतकरी, या सगळ्यांची मिळकत हंगामाची. महिन्याचे बिल आणि हंगामाचा पैसा यांतली दरी केबलवाला स्वतःच्या वहीत भरून काढत असे. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आली, २००० च्या जुलैत ईटीव्ही मराठी आली, आणि या वायरवर मराठी घराला आपल्या भाषेचे भरपूर काही मिळू लागले. ईटीव्हीच्या मराठी बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून निघत. १९५६ पर्यंत ज्या शहरातून सेलूचा कारभार चालला, तिथूनच चाळीसहून अधिक वर्षांनी सेलूला मराठी बातम्या येऊ लागल्या, हे मला या साऱ्या कथेतले एक विलक्षण वळण वाटते.

केबलवाल्याच्या या उधारीवर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही उदारता चोरीवर उभी होती, असे म्हणतात. १९९५ च्या केबल कायद्याने ऑपरेटरला प्रधान डाकघरात वर्षाला ५०० रुपये भरून नोंदणी करणे भाग पाडले, पण जोडण्या किती हे ज्याचे त्याने सांगायचे होते. वाहिन्यांना पैसे देताना आणि करमणूक कर भरताना जोडण्या कमी दाखवल्या जात. लोकल चॅनेलवर सिनेमे लागत, त्यांचे हक्क कोणी घेतलेले नसत. हे सगळे खरे आहे, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. मात्र गैरप्रकार बंद करणे आणि उधारीची सवलत बंद करणे ही दोन वेगळी कामे होती. धोरण आखताना ती एकत्र केली गेली, कारण ज्यांनी आखले त्यांच्यासमोर वाहिन्यांचे बुडालेले उत्पन्न होते. हंगामावर जगणारे गिऱ्हाईक नव्हते.

केबल कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचे ठरले. मुंबई पहिल्या टप्प्यात २०१२ ला झाली. सेलू नगरपरिषदेचे गाव, म्हणून तिसऱ्या टप्प्यात. त्याची मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०१७ ला आली, आणि भोवतालच्या खेड्यांची ३१ मार्च २०१७ ला. या तारखा लक्षात घेण्यासारख्या आहेत. नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली होती, ऐन कापसाच्या हंगामात, रोकड आटलेली असताना. त्याच हिवाळ्यात घरोघरी सेट टॉप बॉक्सचे पैसे मागितले जाऊ लागले. आणि सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या जिओची मोफत मुदत संपली ती नेमकी ३१ मार्च २०१७ ला. म्हणजे केबल जेव्हा नव्या डब्यासाठी पैसे मागत होती, तेव्हा मोबाइलवर चित्र फुकट चालत होते. कोणाही शहाण्या घराने काय निवडले असते हे सांगायला नको.

खरा घाव मात्र फेब्रुवारी २०१९ चा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या दररचनेत शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये नेटवर्क शुल्क ठरले, करासह १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर. प्रत्येक डबा दुरून चालू-बंद करता येऊ लागला आणि प्रत्येक डब्यामागे सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला पैसे आधी भरावे लागू लागले. वेगळा करार नसेल तर त्या १३० रुपयांतला ४५ टक्के वाटा, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे, गल्लीतल्या ऑपरेटरचा. एवढ्यात वायर, ॲम्प्लिफायर, वसुली, वीज आणि पावसात खांबावर चढणारा माणूस बसवायचा. आता एखाद्या घराने पैसे थकवले की पूर्वीसारखे केवळ उत्पन्न राहून जात नाही, खिशातले जाते. वही बंद झाली ती अशी. ऑपरेटर वाईट झाला नाही. थांबणे त्याला परवडेनासे झाले.

आता ओटीटीच्या स्वस्ताईकडे पाहू. नेटफ्लिक्सची मोबाइल योजना १४९ रुपयांची, इतरांच्या त्याहून कमीही आहेत, आणि यूट्यूब तर विनामूल्य. पण हे सगळे डेटावर चालते. जुलै २०२४ मध्ये जिओची रोज दीड जीबीची २८ दिवसांची योजना २३९ वरून २९९ रुपयांवर गेली. ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये केवळ बोलण्याच्या योजना आल्या, त्यांतली जिओची ८४ दिवसांना ४४८ रुपये, म्हणजे २८ दिवसांना साधारण १४९. दोहोंतला फरक दीडशे रुपये. डेटाची किंमत ती. एका मोबाइलच्या डेटाला जवळपास तेवढेच पैसे पडतात, जेवढे २०१९ ला एका अख्ख्या घराच्या केबलचे मूळ शुल्क होते. घरात तीन मोबाइल असतील तर साडेचारशे. वर २८ दिवसांचा महिना, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज, सगळे आगाऊ. यावर कोणी म्हणेल की डेटा फक्त मालिकांसाठी नसतो. त्यावर मुलांचे वर्ग असतात, बाजारभाव असतात, पैसे पाठवणे असते. मान्य. त्यातला निम्मा भाग मनोरंजनाच्या खात्यातून वजा करा. तरीही तीन मोबाइलचे घर केबलच्या मूळ शुल्कापेक्षा स्वस्तात सुटत नाही, सव्वादोनशे होतातच.

सोयीच्या बाबतीत मोबाइलचे पारडे जड आहे, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवे. भारनियमनाच्या वर्षांत केबल तीन ठिकाणी मरत असे: घरात, कंट्रोल रूममध्ये आणि वाटेतल्या ॲम्प्लिफायरपाशी. घरी वीज असली तरी दुसऱ्या फीडरवर नसेल तर पडदा काळा. चार्ज केलेला मोबाइल वीज गेली तरी चालतो. घरातल्या एकुलत्या रिमोटवर ज्यांचा हक्क कधीच नव्हता, त्या सुनेला आणि कॉलेजच्या मुलीला आपल्या आवडीचे पाहता आले, ही बाब मी कोणत्याही रुपयांच्या हिशोबापेक्षा मोठी मानतो. जिच्या नावाने रिचार्ज होतो ती काय पाहील हे दुसरे कोणी ठरवत नाही. फक्त रिचार्ज तिच्या हातात असावा लागतो, आणि हंगाम संपलेल्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी कोणाचा रिचार्ज थांबतो हे ज्याला अशी घरे ठाऊक आहेत त्याला सांगावे लागत नाही.

केबल सोडलेले सगळे ओटीटीकडे गेले असेही नाही. डिजिटल केबल कंपन्यांची संघटना एआयडीसीएफ आणि सल्लागार कंपनी ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशातली सशुल्क दूरचित्रवाणीची घरे २०१८ च्या १५.१ कोटींवरून २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. याच काळात दूरदर्शनची फ्री डिश पसरली. तिथे एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे बिल नाही, आणि फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या वाहिन्या तिथेही आल्या. ओटीटीचीच ओढ असती तर बिल नसलेल्या या छत्रीला एवढे गिऱ्हाईक मिळाले नसते. लोक आगाऊ आणि दरमहा मागणाऱ्या बिलापासून दूर जात होते. हंगामी पैशावर चालणाऱ्या घराला एकदाच भरायचा खर्च पेलतो. दर २८ दिवसांनी दारात उभा राहणारा पेलत नाही.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा काढली. प्रदेशानुसार, गिऱ्हाइकाच्या वर्गानुसार वेगळा दर लावायची मुभा दिली. जानेवारी २०२५ पासून ऑपरेटरची नोंदणी डाकघरातून निघून ऑनलाइन झाली, पाच वर्षांची. कागदावर पाहिले तर सेलूसाठी वेगळा, कापसाच्या हंगामाला धरून दर ठरवायला आता आडकाठी नाही. पण ही मुभा सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला मिळाली आहे. गल्लीतल्या ज्या माणसाला कोणाच्या घरी कापूस विकला गेला आणि कोणाचा अजून पडून आहे हे ठाऊक असते, त्याच्या हाती त्या ४५ टक्क्यांच्या वाट्यापलीकडे काही ठरवण्याचा अधिकार आलेला नाही.