पुणेपट्टी

आज थोडं हिशेबाचं बोलणार आहे. कवितेच्या माणसानं दशांशात शिरू नये म्हणतात, पण या दशांशानं आमच्या घरात बरीच वर्षं वाद पेटता ठेवला.

२००४ साली मी पुण्यात आणि माझा धाकटा भाऊ सोलापुरात, दोघांनीही मारुती ८०० घेतली. गाडी तीच, किंमत साधारण दोन लाख. ईदला विम्याचे कागद शेजारी शेजारी ठेवले, तर माझा हप्ता दोनशेच्या आसपास रुपयांनी जास्त! भाऊ खूश. म्हणाला, "भाईजान, घरपट्टी भरता, पाणीपट्टी भरता, आता ही तुमची पुणेपट्टी!"

ही पट्टी आली कुठून? त्या काळी मोटार विम्याचे दर कंपनी ठरवत नसे. १९६८ च्या कायद्यानं टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीला ते अधिकार मिळाले होते. तिचा १ जुलै २००२ पासून लागू झालेला तक्ता खासगी मोटारींसाठी देशाचे दोन भाग करतो. 'अ' विभागात आठ शहरं : मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि आमचं पुणं. उरलेला सगळा देश 'ब' विभागात. हजार सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला 'अ' मध्ये किमतीच्या ३.१२७ टक्के, 'ब' मध्ये ३.०३९ टक्के. दोन लाखांवर फरक १७६ रुपये, वर सेवाकर. झाली पुणेपट्टी.

यामागचा विचार सरळ आहे. दाटीच्या शहरात गाडीला गाडी घासते, चोऱ्या जास्त, गॅरेजवाल्याची मजुरी जास्त. तिथले लोक क्लेमही जास्त करतात, तेव्हा हप्ताही त्यांनीच जास्त भरावा. गंमत मात्र पुढे आहे. मालट्रकसाठी त्याच तक्त्यात तीन विभाग होते. 'अ' मध्ये चार महानगरं, 'ब' मध्ये बाकीच्या राज्यांच्या राजधान्या आणि 'क' मध्ये उरलेला देश. पुणं राजधानी नाही, म्हणून आमच्या गल्लीत माझी मारुती 'अ' दर्जाची आणि तिच्या मागे उभा असलेला पुण्याचाच ट्रक 'क' दर्जाचा! रस्ता एकच, खड्डेही तेच.

दोन वर्षांनी भावाची बदली पुण्यात झाली. एमएच १३ नंबरची गाडी घेऊन तो आमच्याच वाड्यासमोर राहायला आला. रोज लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून जायचा, दोनदा बंपर ठोकून घेतला, तरी हप्ता सोलापूरचाच. कारण तक्ता गाडी कुठे धावते ते पाहत नव्हता, कुठल्या आरटीओत नोंदली आहे ते पाहत होता. माझी गाडी मात्र आठवड्यातून चार दिवस अंगणात झाकलेली असायची. मी चिडलो, आणि मला वाटतं, माझं चिडणं रास्त होतं.

विम्याचा दुसरा भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर द्यायच्या भरपाईचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं तो सक्तीचा केला, पण ते कलम प्रत्यक्षात आलं १९४६ साली. या भागाला गावाचं नाव लागत नाही. १ जून २०२२ पासून हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाचे २,०९४ रुपये ठरले, मुंबईलाही आणि मंगळवेढ्यालाही तेवढेच. कायद्यानं जे घ्यायलाच लावलं, त्याचा दर सरकारनं हातात ठेवला. आणि गाडी सोलापूरची असली तरी तिच्याखाली येणारा माणूस कुठलाही असू शकतो. भरपाई ठरते ती त्याच्या वयावर आणि कमाईवर.

१ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. आता प्रत्येक कंपनी आपला हिशेब मांडू लागली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्यात गेल्या होत्या. असा अनुभव हाताशी असलेली कंपनी शहराकडे दोनच खानेवाल्या तक्त्यानं कशी पाहील? बऱ्याच कंपन्यांनी जुना तक्ता पायाला ठेवला आणि सवलत मात्र गाडी, गाव आणि मागचे क्लेम पाहून कमीजास्त केली. चुरशीमुळे हप्ते उतरलेही, हे कबूल करायला हवं. पण कुठल्या गावाला किती, हे आता छापील तक्त्यात सापडत नाही.

भावानं पुढे नवी गाडी घेतली, एमएच १२ ची. विम्याचा कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "भाईजान, यात पुणेपट्टी किती, दाखवा." मी चष्मा लावला. गाडीची किंमत होती, सवलत होती, नो क्लेम बोनस होता, जीएसटी होता. गावाची ओळ नव्हती.