टाइल पझल गेम बनवताय? आधी कोडं सुटतं का ते तपासा

चार बाय चारची चौकट, १५ टाइल्स आणि एक रिकामी जागा. टाइल्स सरकवून १ ते १५ ओळीनं लावायच्या. मित्रांनो, हा खेळ तुम्ही मोबाइलवर किंवा लहानपणी प्लॅस्टिकच्या चौकटीत खेळला असालच. मी इथे कोल्हापुरात असाच एक ऑनलाइन गेम तयार करतोय. त्यात आकड्यांऐवजी रंकाळ्याचा फोटो आहे. रंग, आवाज, बटणं ही कामं तशी सोपी. महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: खेळाडूला दिलेलं कोडं मुळात सुटणारं आहे का?

निम्मी कोडी सुटतच नाहीत

या चौकटीत टाइल्स मांडण्याचे जवळपास २०.९ लाख कोटी प्रकार आहेत. त्यातले बरोबर निम्मे कितीही डोकं लावलं तरी सुटत नाहीत. १८८० मध्ये अमेरिकेत या कोड्याचं वेड पसरलं होतं. पुढे सॅम लॉइड यांनी फक्त १४ आणि १५ ची अदलाबदल केलेलं कोडं सोडवणाऱ्याला १००० डॉलरचं बक्षीस लावलं. पैसे जाण्याची भीती नव्हती, कारण ते अशक्य असल्याचं जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्येच दाखवलं होतं.

तपासायचं कसं?

रिकामी जागा शेवटच्या कोपऱ्यात ठेवा आणि टाइल्सचे आकडे ओळीनं वाचा. मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी आला की ती एक 'उलटी जोडी'. ३, १, २ मध्ये अशा दोन जोड्या आहेत: ३-१ आणि ३-२. एकूण उलट्या जोड्या सम असतील तर कोडं सुटतं, विषम असतील तर नाही.

असं का? टाइल आडवी सरकली तर क्रम बदलत नाही. उभी सरकली तर ती तीन टाइल्स ओलांडते, म्हणजे जोड्यांची संख्या विषम आकड्यानं बदलते. रिकामी जागा पुन्हा त्याच ओळीत यायची तर उभ्या चाली सम लागतात. म्हणून सम ते सम राहतं आणि विषम ते विषम.

उपाय एका ओळीचा आहे. जोड्या विषम आल्या तर कोणत्याही दोन टाइल्सची अदलाबदल करा, मांडणी सुटणारी होते.

फोटो असेल तर वेगळीच गंमत

रंकाळ्याच्या फोटोत आकाशाच्या दोन टाइल्स अगदी सारख्या दिसू शकतात. खेळाडूनं त्या एकमेकींच्या जागी लावल्या, तर शेवटी दुसऱ्याच दोन टाइल्स उलट्या राहतात आणि सुटणारं कोडंही अडकल्यासारखं वाटतं. खेळाडूला वाटतं, आपलंच डोकं चालत नाही. म्हणून मी प्रत्येक टाइलच्या कोपऱ्यात छोटा आकडा ठेवलाय.

ऑनलाइन खेळताना

रोज सगळ्यांना एकच कोडं द्यायचं असेल तर तारखेवरून मांडणी तयार करा. पण सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर आपल्याकडे नवं कोडं पहाटे ५:३० ला येईल, त्यामुळे भारतीय वेळ सेट करा. आणि 'मी ९० चालींत सोडवलं' हे फोननं सांगितलं म्हणून लगेच स्कोअर मांडू नका. चालींची यादी मागवा आणि सर्व्हरवर त्या पुन्हा चालवून बघा. नाहीतर प्रामाणिकपणे खेळणारा मागे आणि चलाखी करणारा पहिल्या नंबरवर!

सुरुवात छोटी करा

आधी ३ बाय ३ ची चौकट घ्या. त्यात सुटणाऱ्या मांडण्या १,८१,४४० आहेत आणि त्यातली कुठलीही जास्तीत जास्त ३१ चालींत सुटते. सगळ्या मांडण्या कॉम्प्युटरवर चालवून तुमचा कोड बरोबर आहे का ते तपासा. तिथे पास झाला, की ४ बाय ४ कडे वळा.