फँटम म्हणजे काय? भूत, भास आणि चकवा यांतला फरक

फँटम हा इंग्रजी शब्द सिनेमा, गाड्या, वैद्यकीय बातम्या आणि रील्समध्ये वारंवार ऐकू येतो. त्याचा सरळ अर्थ आहे भूत किंवा आकृतीचा भास. जे दिसते किंवा जाणवते, पण प्रत्यक्षात नसते, ते फँटम.

शब्द कुठून आला?

मूळ ग्रीक शब्द 'फँटाझ्मा' म्हणजे दिसणारी आकृती. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'फँटसी' हा शब्दही त्याच कुळातला.

मराठीत काय म्हणावे?

एकच प्रतिशब्द पुरत नाही. भुताच्या अर्थाने भूत किंवा पिशाच्च, दिसण्याच्या अर्थाने भास किंवा आभास. 'चकवा' या शब्दात मात्र दोन्ही अर्थ आहेत. रात्री वाटसरूला एकाच जागी फिरवत ठेवणारे भूत म्हणजे चकवा, आणि फसगत म्हणजेही चकवा.

ली फॉक यांचा 1936 सालचा कॉमिक नायक फँटम मराठी इंद्रजाल कॉमिक्समध्ये 'वेताळ' झाला. लोकसमजुतीत वेताळ भुतांचा राजा असल्याने हे नाव चपखल बसले.

मिळतेजुळते शब्द

- घोस्ट: मेलेल्या माणसाचे भूत. फँटममध्ये तो माणूस कोण होता, हे ठरलेले असतेच असे नाही.
- इल्यूजन: वस्तू असते, पण वेगळी दिसते. दोरी साप वाटते.
- मिराज: मृगजळ. जालन्याहून राजूरच्या गणपतीला भर उन्हात निघालात, तर डांबरी रस्त्यावर पुढे पाणी चमकताना दिसते. रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, प्रकाशकिरण वाकतात आणि आकाशाचे प्रतिबिंब पाण्यासारखे दिसते.
- हॅल्युसिनेशन: समोर काहीच नसताना दिसणे किंवा ऐकू येणे.

फँटम पेन: नसलेल्या हाताची कळ

फँटम दुसऱ्या शब्दाआधी आला, की 'असल्यासारखे वाटणारे, पण नसलेले' असा अर्थ होतो. याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वैद्यकशास्त्रात आहे. यंत्रात सापडून किंवा मधुमेहामुळे हात-पाय कापावा लागलेल्या अनेकांना तो अवयव अजून जागेवर आहे असे वाटते. तळव्याला खाज सुटते, नसलेली बोटे दुखतात. अमेरिकी डॉक्टर सायलस वीर मिचेल यांनी 1871 मध्ये याला 'फँटम लिंब' हे नाव दिले.

हे भूत नव्हे आणि ढोंगही नव्हे. अवयव गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा पुसला जात नाही, आणि कापलेल्या नसाही संदेश पाठवत राहतात. यावर औषधे आहेत. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात आरशाची पद्धत मांडली. शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून हालचाल करायची. काहींचे दुखणे त्याने कमी होते.

रोजच्या वापरात

- फँटम व्हायब्रेशन: फोन वाजला नसताना खिशात थरथरल्यासारखे वाटणे.
- फँटम लोड: टीव्ही, सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही खर्च होणारी वीज. उपाय एकच, भिंतीवरचे बटण बंद करा.
- फँटम ट्रॅफिक जॅम: पुढे अपघात नाही, अडथळा नाही, तरी झालेली कोंडी. एकाने ब्रेक दाबला, की मागचे एकामागून एक दाबत जातात.

भास होत असतील तर?

झोप लागताना किंवा जाग येताना क्षणभर कुणी दिसणे, हाक ऐकू येणे निरोगी माणसातही घडते. पण वारंवार आवाज ऐकू येत असतील, माणसे दिसत असतील, तर त्यामागे मानसिक आजार, तीव्र ताप, दारू अचानक सोडणे किंवा मेंदूचा विकार असू शकतो. अशा वेळी 'बाहेरचं आहे' म्हणत मांत्रिकाकडे नेण्यात उपचाराचे मोलाचे दिवस जातात.

भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. मदतीसाठी सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा किंवा टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. दिसणारी आकृती खरी नसली, तरी ती पाहणाऱ्याचा त्रास खरा असतो.