मांडव भरला, पुढे काय?

दर ४ मार्चला कारखान्यांत सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९७२ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. शपथ, घोषवाक्य स्पर्धा, बक्षिसे, अल्पोपाहार असे समारंभ मी पुष्कळ पाहिले. नंतरच्या अहवालात आकडा एकच असे, उपस्थितीचा. पण मांडव भरला म्हणून कामगाराची बोटे वाचत नाहीत.

मग मोजायचे काय? अमेरिकेत डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणासाठी चार प्रश्न मांडले. लोकांना आवडले का? ते काय शिकले? कामावर परतल्यावर वागणे बदलले का? आणि शेवटी परिणाम काय झाला? आपले समारंभ बहुधा पहिल्याच प्रश्नाशी थांबतात. १९८१ साली जॉर्ज डोरान यांनी आणखी एक शिस्त सांगितली : उद्दिष्ट लिहितानाच मोजमाप, जबाबदार माणूस आणि मुदत ठरवा.

म्हणजे ‘जागृती करू’ असे न म्हणता, ‘जूनअखेर प्रेसवरच्या प्रत्येक कामगाराला यंत्र तातडीने बंद करता आले पाहिजे’ असे म्हणावे. आज ते किती जणांना येते, हे समारंभाआधीच मोजावे.

मात्र ‘शून्य अपघाता’ला बक्षीस लावले, की जखमा लपवल्या जातात. त्यापेक्षा थोडक्यात टळलेले अपघात किती जणांनी आपणहून सांगितले, ते मोजावे. हा आकडा सुरुवातीला वाढला तर साहेबांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. माणसे बोलू लागली आहेत, असाही त्याचा अर्थ असतो.