तळटीप : रघूजी भोसले (दुसरे) यांची उत्तरकारकीर्द

१. ग्रंथकाराने येथे नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या ‘पडत्या काळा’चा जो ओझरता उल्लेख केला आहे, तो १८०३ नंतरच्या वर्षांचा समजावा. असई व अडगाव येथील पराभव आणि गाविलगडचा पाडाव यांमागोमाग १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहान्वये बालेश्वरासह कटक प्रांत आणि वर्धेपलीकडील वऱ्हाड हातचे गेल्यामुळे, नागपूरच्या दौलतीचा समुद्राशी असलेला संबंध तुटला, व जमाबंदीत पडलेली तूट उरलेल्या मुलखातील रयतेकडून भरून काढण्याचा हव्यास सुरू झाला. नवे कर बसले, फौजेचा पगार थकला, आणि राजास ‘मोठा बनिया’ हे लोकनाम मिळाले, जे देणारी रयत, आमच्या मते, अन्यायी नव्हती. त्यातच १८११ साली पेंढाऱ्यांनी खुद्द राजधानीचे पुरे जाळले. तथापि एक गोष्ट रघूजींच्या पदरी टाकलीच पाहिजे : रेसिडेंट जेंकिन्स दरबारी असताही, तैनाती फौजेचा करार त्यांनी अखेरपर्यंत टाळला. मार्च १८१६ मध्ये ते निवर्तले, आणि मे महिन्यात आप्पासाहेबांनी, परसोजींचे कारभारी या नात्याने, त्याच करारावर मान्यतेची मोहोर उठविली.